सुट्टीच्या पोटातली विश्रांती

उजवी सीट :

डिसेंबर २०२५ मध्ये, इंडिगोची उड्डाणे रद्द होऊन विमानतळांवर गोंधळ झाला त्या सुमारास, एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या आतेभावाच्या सासऱ्यांनी मला विचारले, "काय कॅप्टन, तुम्हा मंडळींना आठवड्याला बारा तास जास्त झोपायला दिले आणि सगळा देश विमानतळावर झोपला, असे ऐकतो ते खरे का?" पंगतीत हशा पिकला. विनोद चांगला होता, त्यामुळे मीही हसलो. उत्तर द्यायला तोंड उघडले तेव्हा मात्र ध्यानात आले की खरे उत्तर द्यायचे तर जिलेबी येऊन जाईल आणि पानेही उचलली जातील. ते राहिलेले उत्तर इथे लिहीत आहे.

प्रथम माझ्याविषयी, म्हणजे कोण बोलतो आहे ते कळेल. मी तेरा वर्षे प्रवासी विमाने चालवतो. हे सदस्यनाम घेतले तेव्हा सहवैमानिक होतो आणि उजव्या सीटवर बसत होतो. आता डावीकडे बसतो, पण नाव तेच राहिले आहे. घर पुण्यात आणि तळ मुंबईत आहे. कंपनीचे नाव लिहिणार नाही आणि कोणी ओळखले तरी कृपया इथे लिहू नये.

सासऱ्यांनी ज्या बारा तासांचा उल्लेख केला ते खरे आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या वेळेचे सुधारित नियम जाहीर केले. त्यांत साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. रात्रीची व्याख्या पूर्वी मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत होती, ती सहापर्यंत वाढवली. रात्रीच्या कामात जास्तीत जास्त आठ तास उड्डाण आणि दहा तास ड्युटी अशी मर्यादा घातली, आणि पूर्वी एका रात्रीच्या कामात जास्तीत जास्त सहा वेळा विमान उतरवता येत असे, ती संख्या दोनवर आणली. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचे शरीर सर्वांत मंद असते, मग तो कितीही अनुभवी असो, हे जगभर मान्य झालेले आहे आणि बदलांमागचे कारणही तेच आहे.

हे सगळे वर्तमानपत्रांत येऊन गेले आहे. जे आले नाही ते एका रात्रीच्या हिशेबाने सांगतो.

मे महिन्यातली गोष्ट आहे. मुंबईत रात्री साडेदहाला हजेरी लावली, श्वासाची अल्कोहोल चाचणी दिली, कागद पाहिले आणि साडेअकराला निघालो. दिल्लीला पावणेदोनला उतरलो. तिथून २ वाजून ५० मिनिटांनी निघून पूर्वेकडील एका शहरात ५ वाजून ५ मिनिटांनी उतरलो. विमान जागेवर लागल्यानंतरची कामे धरून ५ वाजून ४० मिनिटांनी माझी ड्युटी संपली. हॉटेलपर्यंतचा प्रवास नियमाने ड्युटीतही धरत नाहीत आणि विश्रांतीतही, त्यामुळे विश्रांती खोलीत पोहोचल्यावर सुरू होते. नियमाप्रमाणे ती किमान बारा तास, किंवा आधीची ड्युटी त्याहून मोठी असेल तर तितकी, असायला हवी. म्हणजे पावणेसातला खोलीत पोहोचलो तर संध्याकाळी पावणेसातला पुन्हा विमानतळाकडे निघायचे. कागदावर हे चोख आहे.

आता तोच काळ पाहा. सामान घेऊन बाहेर आलो तेव्हा हॉटेलची गाडी दुसऱ्या विमानाच्या कर्मचाऱ्यांसाठी थांबली होती. खोलीत पोहोचायला पावणेसात झाले. पूर्वेकडे मे महिन्यात पाचलाच उजाडते, त्यामुळे गाडीच्या खिडकीतून अर्धा तास तोंडावर ऊन घेतले होते आणि शरीराला दिवस सुरू झाल्याचा निरोप मिळालेला होता. अंघोळ, चार घास आणि घरी एक फोन झाल्यावर साडेसातला आडवा झालो. हॉटेलचे पडदे मध्यभागी कधीच नीट मिळत नाहीत. त्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी बरोबर उशीवर पडते, म्हणून कपाटातला पँट अडकवायचा चिमटेवाला हँगर आणून दोन्ही पडदे एकत्र अडकवायचे, ही विद्या मला कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात न मिळता एका ज्येष्ठ कॅप्टनकडून मिळाली. बारा वाजता मजल्यावर सफाईच्या ढकलगाड्या फिरू लागल्या आणि जाग आली. त्यानंतर झोप लागली नाही, कारण भर दुपारी, थंड खोलीत, पोटात भूक असताना शरीर झोपत नाही. संध्याकाळी पावणेसातला गाडी आली. बारा तासांच्या विश्रांतीत साडेचार तास झोप झाली आणि तेवढ्या झोपेवर मी पुढची रात्र उडवायला गेलो. यात कोणीही कोणताही नियम मोडलेला नव्हता.

माझे म्हणणे एवढेच आहे की आमच्या क्षेत्रातले भांडण किती तास द्यायचे यापेक्षा कशाच्या आत काय मोजायचे याचे आहे. अंघोळ आणि जेवण विश्रांतीत मोजतात, ऊन विश्रांतीत मोजतात, आणि साप्ताहिक विश्रांती सुट्टीत मोजतात. या शेवटच्या प्रकारावरून डिसेंबरात काय घडले ते विचारणारा कोणी निघाला तर सविस्तर लिहीन.

हिशेबनीस :

लेख आवडला, पण व्यवसायाने लेखापाल असल्याने काही आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. वैमानिकाला ३६५ दिवसांत १००० तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही, असे वाचले आहे. म्हणजे दिवसाला सरासरी पावणेतीन तास होतात. आमच्या कार्यालयात मार्चअखेरीला मुले चौदा तास बसतात आणि त्यांना पंचतारांकित हॉटेलात पडदे मिळत नाहीत म्हणून तक्रार करण्याची सोय नसते. दुसरे असे की नियम जानेवारी २०२४ मध्ये आले होते, तर डिसेंबर २०२५ पर्यंत सर्वजण काय करीत होते? संघटनांनी ऐन गर्दीच्या मोसमात कोंडी करायची आणि प्रवाशांनी भाडे भरायचे, असे चित्र बाहेरून दिसते. चूक असल्यास दुरुस्त करावे.

उजवी सीट :

हिशेबनीस, दोन्ही मुद्दे रास्त आहेत आणि दोन्हींत एकेक गफलत आहे.

१००० तास ही मर्यादा बरोबर आहे. मात्र उड्डाणाचा तास विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंत मोजतात. त्याआधीचा हजेरीचा तास, दोन उड्डाणांमधले थांबणे, धुक्यामुळे दिल्लीत बसून काढलेली सकाळ, दुसऱ्या शहरातून विमान उचलायचे म्हणून प्रवाशासारखे बसून जाणे, घरी तयार राहून फोनची वाट पाहण्याचे दिवस, सिम्युलेटरवरच्या नियमित परीक्षा, यांतले काहीही त्या हजारांत येत नाही. तुमच्या मार्चअखेरीच्या मुलांनी फक्त कळफलकावर बोटे पडली तेवढीच मिनिटे मोजली तर त्यांचाही दिवस बराच आखूड निघेल. शिवाय आमच्या पगाराचा मोठा भाग याच उड्डाणाच्या तासांवर ठरतो, त्यामुळे न मोजलेला वेळ बहुधा न दिलेल्या पैशांचाही असतो. वैमानिकांना पैसे कमी मिळतात असे मी म्हणत नाही. तसे म्हणालो तर पंगतीतले लोक पुन्हा हसतील आणि ते बरोबरच असेल.

दुसऱ्या मुद्द्यावर थोडा इतिहास द्यावा लागेल. जानेवारी २०२४ चे नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. विमान कंपन्यांनी वैमानिक पुरणार नाहीत आणि उड्डाणे कमी करावी लागतील असे सांगितले, आणि मार्चअखेरीस डीजीसीएने ती मुदत काढून टाकली. नवी तारीख दिली नाही. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्या न्यायालयासमोर एप्रिल २०२५ मध्ये दोन टप्पे ठरले : बहुतेक तरतुदी १ जुलै २०२५ पासून आणि रात्रीच्या कामाविषयीच्या तरतुदींसह उरलेल्या १ नोव्हेंबर २०२५ पासून. म्हणजे गर्दीचा मोसम संघटनांनी निवडला नव्हता. मूळ तारीख जूनची होती, ती पुढे ढकलता ढकलता हिवाळ्यात आली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे कोलमडली आणि ५ डिसेंबरला एका दिवसात त्यांची हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. नियम सगळ्याच कंपन्यांना होते. संप नव्हता, सामूहिक रजा नव्हती, कामावर असलेला वैमानिक कामावर होता. नव्या मर्यादेत बसेल एवढे मनुष्यबळ आणि आखलेले हिवाळी वेळापत्रक यांचा मेळ बसला नाही. त्यानंतर डीजीसीएने त्या कंपनीला रात्रीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली आणि उड्डाणांची संख्या घटवायलाही लावली.

रनिंग रूम :

साहेब, मी विमानात आयुष्यात दोनदाच बसलो आहे, पण तुमचा लेख वाचून माझी छत्तीस वर्षे डोळ्यांपुढून गेली. मी मध्य रेल्वेत लोको पायलट, म्हणजे रेल्वेचालक, होतो आणि भुसावळहून निवृत्त झालो. आम्हाला हॉटेल नसे, रनिंग रूम असे. एका खोलीत चार खाटा आणि चौघांच्या गाड्या वेगवेगळ्या वेळेच्या. एक जण उठून बूट घालू लागला की उरलेले तिघे जागे झालेच. आमच्या उमेदीत ड्युटीचे बोलावणे आणणारा कॉलमन वही घेऊन येई, दार वाजवी आणि सही घेई. पुढे मोबाईल आला, पण झोपेतून उठताना छातीत जी धडधड होते ती तीच राहिली.

आपण लिहिलेले "कशाच्या आत काय मोजायचे" हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण आमचे भांडणही अक्षरशः तेच आहे. पूर्ण ड्युटी करून मुख्यालयी परतले की १६ तासांची विश्रांती असते. त्याशिवाय नियतकालिक विश्रांती ३० तासांची असते. कर्मचाऱ्यांचे म्हणणे असे की रोजचे १६ तास आधी द्यावेत आणि त्यानंतर ३० तास मोजावेत, म्हणजे एकूण ४६ तास होतात. प्रशासन म्हणते की ते १६ तास ३० तासांतच आले. २०२४ च्या जूनमध्ये दक्षिण रेल्वेतल्या, विशेषतः केरळमधल्या, लोको पायलटांनी याच ४६ तासांसाठी आंदोलन केले होते.

बाहेरगावी तर आठ तासच मिळतात. त्यात स्वयंपाक्याला डाळ-तांदूळ काढून देणे, अंघोळ आणि जेवण हे सगळे आले. हिशेबनीस साहेबांनी राग मानू नये, पण बसून चौदा तास काम करणारा माणूस डुलकी आली तर टेबलावर डोके ठेवतो. आम्ही ठेवले असते तर मागे बावीस डबे होते.

हिशेबनीस :

राग कसला, काका. बावीस डब्यांपुढे आमच्या ताळेबंदाची बरोबरी होणार नाही, हे मान्य करतो. मात्र "न मोजलेला वेळ" हा युक्तिवाद मान्य केला तर तिकीट महाग होणार, हेही कोणीतरी मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

तिसरा मजला :

माझे यजमान वैमानिक आहेत, म्हणून घरच्या बाजूने लिहिते. हॉटेलातल्या मुक्कामाचे सर्वांना कुतूहल असते, पण आमच्याकडे खरा लेओव्हर घरातच होतो. ते पहाटे येऊन झोपले की बेलवर रुमाल बांधलेला असतो, कुकरची शिट्टी काढून डाळ भांड्यात शिजवायची असते, आणि वरच्या मजल्यावर फरशीचे काम निघाले तर त्यांना जाऊन विनंती करायची असते. "दिवसा अकरा वाजता कोणाची झोप मोडते हो?" असे उत्तर मी तीन वेगवेगळ्या सोसायट्यांत ऐकले आहे. आमची मुलगी दोन वर्षांची असताना पाहुण्यांशीही कुजबुजत बोलायची. लोकांना ती लाजाळू वाटायची, पण बाबा घरात असले की माणसे असेच बोलतात अशी तिची समजूत होती.

गणपतीत तर विचारूच नका. दहा दिवसांतले किती दिवस ते घरी असतील हे रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचे वेळापत्रक, येईपर्यंत कळत नाही, आणि रोस्टर आल्यावरही बदलते. त्या बदलांविषयी कोणी लिहिले तर बरे होईल. थकवा झोपेचा असतो तसा अनिश्चिततेचाही असतो.

शिकागोकर :

मी मूळची सांगलीची आहे आणि अमेरिकेत गेली नऊ वर्षे प्रवासी विमानांवर आहे. इथला नियम या धाग्याच्या मुद्द्याला थेट लागू पडतो, म्हणून सांगते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलोजवळ कोल्गन एअरचे ३४०७ हे विमान कोसळले आणि जमिनीवरच्या एकासह ५० जण दगावले. त्या उड्डाणाची सहवैमानिक आदल्या रात्री सिॲटलहून मालवाहू विमानातून बसून प्रवास करीत आली होती. कॅप्टन कर्मचाऱ्यांच्या विश्रामकक्षात राहिला होता. अपघाताचे मुख्य कारण विमानाचा वेग घटल्यावर कॅप्टनने केलेली चुकीची हाताळणी हेच नोंदले गेले, पण थकव्याचा प्रश्न त्यानंतर टाळता येईना. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि जानेवारी २०१४ पासून नवे नियम लागू झाले.

त्या नियमांत विश्रांती किमान दहा तासांची आहे, म्हणजे आकडा भारतातल्या बारापेक्षा लहानच आहे. पण त्या दहा तासांत आठ तास अखंड झोपेची संधी मिळालीच पाहिजे असे वेगळे लिहिले आहे. गाडी उशिरा आली, हॉटेलात खोली तयार नव्हती, आणि आठ तास मिळणार नाहीत असे दिसले तर वैमानिकाने कळवायचे आणि पुढची हजेरी सरकते. उजवी सीट यांच्या त्या सकाळचा हिशेब इथे झाला असता तर अखंड झोपेची संधी किती तास मिळाली हे महत्त्वाचे ठरले असते. दिवसाउजेडी झोप येईल याची हमी मात्र इथलाही कायदा देत नाही.

इथेही सर्व काही आलबेल नाही. मालवाहू विमानांना या नियमांतून वगळले आहे, आणि रात्रभर उडणारे लोक नेमके तेच आहेत. तेव्हापासून इथल्या संघटना ती पळवाट बुजवण्याची मागणी करीत आहेत. तिसरा मजला यांनी विचारलेल्या रोस्टरबद्दल म्हणायचे तर इथे दर महिन्याला ज्येष्ठतेच्या क्रमाने आम्ही आपल्या फेऱ्या मागून घेतो. कनिष्ठाला दिवाळीही मिळत नाही आणि नाताळही मिळत नाही, पण का मिळाली नाही हे यादी पाहून कळते आणि कोणाच्या मर्जीचा प्रश्न राहत नाही. ही पद्धत कंपनीने दान दिलेली नाही. संघटनेशी झालेल्या करारात ती कलमवार लिहिलेली आहे.

कलम बावीस :

संघटनांचा विषय निघालाच आहे तर कायद्याची बाजू मांडतो. माझे सदस्यनाम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलमावरून घेतलेले आहे. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून इतिहासजमा झाला, त्यामुळे आता नाव बदलावे लागणार अशी घरात थट्टा चालते.

त्या कायद्यात हवाई वाहतूक ही लोकोपयोगी सेवा होती आणि चौदा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप करता येत नसे. व्यवहारात वैमानिकांनी दोन मार्ग वापरले. २०१२ मध्ये एअर इंडियाच्या इंडियन पायलट्स गिल्ड या वैमानिक संघटनेने ५८ दिवस काम थांबवले. वाद मुख्यतः नव्या बोइंग ७८७ विमानांचे प्रशिक्षण कोणाला आधी मिळावे याचा, म्हणजे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांच्या विलीनीकरणानंतरच्या ज्येष्ठतेचा होता. संघटनेची मान्यता गेली, शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले आणि प्रकरण न्यायालयात जाऊन संपले. त्याआधी सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संप हा शब्द टाळून एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. कारण संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतलेल्या सहकाऱ्यांना कंपनीने काढून टाकले होते. पाच दिवसांत समझोता झाला. माझ्या मते या दोन लढ्यांत मोठा फरक आहे. २००९ चा लढा संघटनेच्या अस्तित्वाचा होता, म्हणून तो चटकन एकवटला. २०१२ चा लढा एका कंपनीतल्या दोन गटांमधला होता, त्यामुळे बाहेरच्यांची सहानुभूती त्याला मिळाली नाही.

आता नव्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच धरला जातो, आणि चौदा दिवसांची नोटीस सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू झाली आहे. म्हणजे २००९ ची वाट अरुंद झाली. त्यातच डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला नोकरी सोडताना एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. संप करणे अवघड आणि सोडून जाणेही अवघड, अशा स्थितीत न्यायालयात याचिका करणे एवढेच हाती राहते. गेल्या दोन वर्षांत संघटनांनी जे केले ते याच उरलेल्या वाटेने केले. हिशेबनीस यांनी वापरलेला "कोंडी" हा शब्द मला म्हणूनच पटला नाही.

हिशेबनीस :

कलम बावीस, पटले. शब्द मागे घेतो. मात्र एक साधा प्रश्न उरतो. थकवा आला असेल तर "मी उडवणार नाही" असे वैमानिक सांगू शकतो ना? मग नियमांच्या आकड्यांवर एवढी भिस्त कशासाठी?

उजवी सीट :

सांगू शकतो. सांगितलेही पाहिजे, कारण थकलेल्या स्थितीत विमान हाती न घेणे ही वैमानिकाची कायदेशीर जबाबदारीच आहे. मी एकदा सांगितले होते, तो अनुभव लिहितो.

सलग तिसऱ्या पहाटेची हजेरी होती. पहाटे सव्वातीनला मुंबईत गाडी येणार होती आणि मी रात्री साडेनऊपासून छताकडे पाहत पडलो होतो. दोन वाजता फोन करून थकव्याचे कारण दिले. पलीकडच्या मुलीने सौजन्याने विचारले, "सर, आजारपण लिहू का? ते सोपे पडेल." मी नको म्हणालो, कारण मी आजारी नव्हतो. थकव्याचा अहवाल भरला. चार दिवसांनी कार्यालयातून बोलावणे आले. कोणी आवाज चढवला नाही. समोर माझे रोस्टर ठेवले आणि विचारले की आधीच्या ड्युटीनंतर तुम्हाला पंधरा तास मिळाले होते, त्या वेळात तुम्ही काय केले? म्हणजे तास दिले होते, झोप न लागणे हा माझा दोष ठरला. अहवालावर शेरा पडला की नियमभंग आढळला नाही. त्या दिवसाच्या उड्डाणांचे पैसे अर्थातच मिळाले नाहीत. पुढच्या वेळी मी काय केले असेल ते तुम्हीच ओळखा. आजारपण लिहिणे खरोखरच सोपे पडते, आणि म्हणूनच थकव्याची खरी संख्या कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. सुधारित नियमांत दर तिमाहीला कंपन्यांनी थकव्याच्या अहवालांची आणि त्यांवर काय केले याची माहिती डीजीसीएला द्यायची आहे. ही तरतूद मला ४८ तासांइतकीच मोलाची वाटते, पण जे अहवाल आजारपण म्हणून नोंदले गेले ते तिच्या जाळ्यात येणार नाहीत.

आणि झोप कशी दगा देते याचे आपल्याकडचे उदाहरण मंगळूरचे आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, धावपट्टीवरून पुढे निघून दरीत गेले. १६६ पैकी १५८ जण दगावले. चौकशीत कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आढळला. तो उड्डाणात बराच वेळ, दीड तासाहून अधिक, झोपलेला होता. जागा झाल्यानंतरच्या जडत्वाचा त्याच्या निर्णयांवर परिणाम झाला असावा, असे चौकशी न्यायालयाने नोंदवले. विमान खूप उंचावरून आत येत होते आणि सहवैमानिकाने न उतरता फिरून जाऊ या असे सुचवलेही होते. त्या कॅप्टनकडे दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता. जेवढा वेळ तो झोपला तेवढा वेळ त्याला आदल्या रात्री घरच्या अंथरुणात मिळाला असता तर काय झाले असते हे कोणीच सांगू शकत नाही. पण मी जेव्हा जेव्हा त्या धावपट्टीवर उतरतो तेव्हा हा विचार येतो, आणि तिथे मी सहवैमानिकाला मुद्दाम सांगतो की "फिरून जाऊ" हे शब्द तू उच्चारलेस तर मी चर्चा करणार नाही.

रनिंग रूम :

साहेब, आमच्याकडेही सिक घेणे सोपे आणि "थकलो" म्हणणे अवघड. "थकलो" म्हटले की लॉबीत, म्हणजे हजेरीच्या कक्षात, सगळे मान वर करून पाहतात.

तिसरा मजला :

उजवी सीट, पहिल्या लेखात सुट्टीत विश्रांती मोजण्याविषयी पुढे लिहीन म्हणाला होता, ते राहिले. आमच्या घरीही याबद्दल वेगवेगळे सांगतात. गणपतीला चार दिवस रजा घेतली तर साप्ताहिक ४८ तास त्यातच गेले असे समजायचे का?

उजवी सीट :

ताई, विचारलेत ते बरे केले, कारण सगळ्या धाग्याची गाठ तिथेच आहे.

एक साप्ताहिक विश्रांती संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत १६८ तासांहून अधिक काळ जाता कामा नये, असा नियम आहे. रजा ही तुमची हक्काची, वर्षभरात साठवलेली. साप्ताहिक विश्रांती ही सुरक्षिततेसाठी सक्तीची, ती रजेच्या खात्यातून जात नाही. पूर्वी कंपन्या काय करीत? चार दिवसांची रजा दिली की त्यातच साप्ताहिक विश्रांतीचे तास आले असे धरत, आणि पाचव्या दिवसापासून नवे १६८ तास मोजायला सुरुवात करीत. सुधारित नियमांत डीजीसीएने स्पष्ट सूचना घातली की साप्ताहिक विश्रांतीच्या जागी कोणतीही रजा धरली जाऊ नये. म्हणजे रजा वेगळी आणि विश्रांती वेगळी. काकांच्या भाषेत सांगायचे तर १६ अधिक ३०.

ही सूचना ५ डिसेंबर २०२५ रोजी, विमानतळांवर सर्वाधिक गोंधळ होता त्याच दिवशी, तत्काळ मागे घेतली गेली. रात्रीच्या नियमांतली सूट एका कंपनीला होती आणि तिला अंतिम तारीख होती. हा बदल सर्व कंपन्यांसाठी होता आणि त्या पत्रात कोणतीही मुदत दिलेली नव्हती. वर्तमानपत्रांत रद्द झालेल्या उड्डाणांच्या आकड्यांखाली ही ओळ दबून गेली. आमच्या व्हॉट्सॲप गटांवर मात्र त्या रात्री दुसरे काहीच नव्हते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की ती सूचना लागू होती तोवर, म्हणजे ५ डिसेंबरपर्यंत, "नाही" असे होते आणि त्यानंतर पुन्हा "होय" झाले. यजमानांच्या कंपनीशी झालेल्या करारात काही वेगळे असेल तर ते पाहावे.

ज्या लग्नाचा मी सुरुवातीला उल्लेख केला त्यासाठी चार दिवसांची रजा मी ऑगस्टमध्येच मांडली होती. हळदीच्या रात्री दोनपर्यंत जागलो, लग्नाच्या दिवशी पहाटे चारला उठलो, वऱ्हाडाच्या दोन गाड्यांपैकी एक कोल्हापूरहून मीच चालवत आणली, आणि तिसऱ्या दिवशी सत्यनारायण होता. रोस्टरमध्ये त्यांतल्या दोन दिवसांवर साप्ताहिक विश्रांती असे आपोआप उमटले. पाचव्या दिवशी पहाटे साडेचारला हजेरी होती.

हिशेबनीस :

लेखापालाच्या भाषेत याला एकाच पावतीवर दोनदा वजावट घेणे म्हणतात, आणि ते आम्ही चालू देत नाही. तिकीट महागण्याचा माझा मुद्दा मात्र अजून कायम आहे.

उजवी सीट :

तो मला मान्य आहे. या नियमांत बसायचे तर तेवढ्याच विमानांना जास्त वैमानिक लागतील, आणि त्यांचा पगार तिकिटातूनच येणार. किती वाढेल हे कंपन्यांनी जाहीरपणे मांडावे, मग पंगतीत त्यावर वाद घालता येईल.